चिखलाच्या भेगा आणि हिमाची नक्षी

मुंबईच्या पूर्वेस माहुलची खाडी आहे. ओहोटी लागली की तेथे दूरवर चिखल उघडा पडतो व हिवाळ्यात त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. खाजणाच्या वरच्या कडेस मात्र रोजची भरती पोहोचत नाही. तेथे उधाणाचेच पाणी येते. भांगाच्या दिवसांत तो चिखल उन्हाने वाळून आकसतो; पण खालचा ओला थर त्यास धरून ठेवतो, म्हणून तो तडकतो. भेगेला भेग मिळून, फरश्या बसविल्याप्रमाणे पाच-सहा कोनांच्या आकृती उमटतात. अंधेरीच्या सुमारे ६० मीटर उंच गिल्बर्ट टेकडीचे पाषाणस्तंभही लाव्हा निवून आकसतानाच घडले.

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात हीच किमया थंडी करते. कडक हिवाळ्यात गोठलेली जमीन आकसून फाटते. बर्फ वितळू लागले की त्याचे पाणी चिरेत शिरते व आत गोठते. पुढे जमीन पुन्हा तेथेच फाटते. शतकानुशतके असे चालून बर्फाची पाचर जाड होते, आणि विमानातून पाहता भूमीवर दहा-वीस मीटर रुंदीच्या चौकटी दिसतात.

दगडांची वर्तुळे तर याहून विस्मयकारक! नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंड येथे २००८ साली भारताने 'हिमाद्री' हे संशोधनकेंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील संस्था पाहते. त्याच द्वीपकल्पावर, समुद्रकाठच्या माळावर, मध्ये मऊ माती आणि भोवती दगडांचे कडे अशी असंख्य वर्तुळे आहेत. कोणी मोठी रांगोळी घालावी तशी ती दिसतात. घालणारा मात्र कोणीच नाही.

पाणी गोठताना फुगते, म्हणून दगड सरकले असतील, असे सहज वाटते. हे उत्तर अपुरे आहे. १९३० च्या सुमारास स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने मातीत पाण्याऐवजी बेन्झीन घालून ती गोठविली. बेन्झीन गोठताना आकसते. तरीही माती वर उचलली गेली! गोठणारा थर खालचा ओलावा वर ओढून घेतो व त्याचे पापुद्रे साचत जातात, हे त्यावरून स्पष्ट झाले. बारीक मातीत असा ओलावा पुष्कळ चढतो. म्हणून ती अधिक फुगते आणि दगड हळूहळू कडेला लोटले जातात. उतारावर हीच वर्तुळे लांबून पट्टे होतात.

माहुलच्या भेगा पुढच्या उधाणात बुजून जातात. स्वालबार्डची जमीन मात्र दर वर्षी उचलते व खचते; यास्तव लाँगयरब्येन गावातील घरे खांबांवर उभारलेली आहेत. अलीकडे तेथील हवा वेगाने तापत असल्याने खोलवर गोठलेली भूमीही सैल होऊ लागली असून कित्येक घरांचे पाये नव्याने घालावे लागत आहेत.