निर्यातीचा हिशेब

सुधा : काका, युद्धात बेचिराख झालेला, खनिजांच्या बाबतीत दरिद्री असा दक्षिण कोरिया एका पिढीत जहाजे आणि पोलाद विकू लागला, याचे श्रेय कशाला द्यायचे?

काका : हिशेबाला. १९६१ साली लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी कारखानदारांना ज्या सवलती दिल्या त्या जगावेगळ्या नव्हत्या. जगावेगळी होती ती त्यांची हिशेबतपासणी. परदेशी गिऱ्हाइकाचे पतपत्र बँकेपुढे ठेवले की बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी व्याजाने कर्ज मिळे, आणि त्या कर्जावर किती माल बंदरातून बाहेर पडला याची चौकशी दरमहा भरणाऱ्या निर्यात-सभेत स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या समक्ष होई. १९६४ साली वर्षाची निर्यात १० कोटी डॉलर होती; १९७७ साली ती १,००० कोटींवर गेली.

सुधा : त्या निर्यातीत पहिल्याने प्लायवूड, कपडे, केसांचे टोप असत ना? ते शिवणाऱ्या मुलींना काय मिळे?

काका : मजुरी स्वल्प होती, हे उघडच आहे. पण मुद्दा सरकारी पैशाचा आहे, आणि तो तुम्ही मंडळी नीट ऐकूनच घेत नाही! आपल्याकडच्या एका कचेरीत अनुदानाची प्रकरणे माझ्या हातून जात. अर्ज कसा करावा याविषयी परिपत्रकांमागून परिपत्रके निघत, परंतु दिलेल्या रकमेतून काय निपजले हे विचारावे असे टिपण मी वर पाठविले, ते शेरासुद्धा न मारता दप्तरदाखल झाले. याउलट कोरियातल्या पोहांग शहराचे पाहा. पोलादाचा कारखाना कोरियाला परवडणार नाही, असा जागतिक बँकेचा अभिप्राय पडल्यावर जपानकडून भरपाईपोटी आलेल्या रकमेतला मोठा हिस्सा त्याच कारखान्यात घातला गेला, आणि १९७३ साली तिथल्या भट्टीतून पहिले लोखंड वाहिले.

सुधा : पोहांगचे पटले. पण त्या मुलींचे उत्तर राहिले.

काका : राहिले खरे. सोलच्या पीस मार्केटमध्ये छत इतके ठेंगणे की ताठ उभे राहता येऊ नये, अशा पोटमाळ्यांवर कोवळ्या मुली दिवसाला चौदा-चौदा तास शिवण करीत. जॉन थे-इल नावाचा कपडे बेतणारा तरुण आपल्या बसभाड्याच्या पैशांनी त्यांना खाऊ घेऊन देई आणि स्वतः पायी घरी जाई. कामगारांच्या रक्षणाचा कायदा १९५३ पासून होता. तो अमलात आणा म्हणून त्याने अर्ज केले, कोणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने स्वतःला पेटवून घेतले. तो बावीस वर्षांचा होता.

सुधा : मजुरी वाढली असती तर निर्यात बुडाली असती, असे तेव्हाचे शहाणे म्हणत असतील?

काका : म्हणतच होते, आणि पुष्कळ वर्षे मीही ते प्रमाण मानणाऱ्यांची पुस्तके शिकवीत आलो. परंतु १९८७ च्या उन्हाळ्यात उलसानच्या जहाजकामगारांपासून लक्षावधी लोक संपावर गेले, त्यानंतर वेतने झपाट्याने वाढली, आणि १९८८ ची निर्यात आदल्या वर्षापेक्षा मोठीच झाली.