शाळेंतील साथ व पालकांस निरोप

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या वाटेवर, डोंगरी हें गांव आहे. तेथील पुष्कळ आईबाप रोज भाईंदरास येऊन आगगाडीनें मुंबईस कामास जातात. तेव्हां मुंबईंत उठलेलें दुखणें डोंगरीच्या शाळेपासून फार दूर राहत नाहीं. 2022 सालीं गोवंडींत गोवराची साथ उठली, ती भिवंडींतही दिसली, व कित्येक बालकें दगावलीं. अशा वेळीं शिक्षकानें पालकांस काय व केव्हां कळवावें, याचा विचार आम्ही येथें करितों.

गोवराची खोड अशी कीं, पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधींपासून तो दुसऱ्यास लागतो. त्या दिवसांत केवळ ताप, खोकला व डोळ्यांची लाली असते, आणि "पडसें आहे, जाईल" असें म्हणून आई मुलास शाळेंत धाडते. मूल खोलींतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत रोगाचें बीज हवेंत राहूं शकतें. म्हणून "पुरळ उठल्यास पाठवूं नये" एवढाच निरोप उशिराचा होय.

दुसरें असें कीं, फळ्यावर "आजारी मुलांस घरीं ठेवा" असें लिहावयाचें, आणि वर्षअखेर एकही दिवस न चुकविणाऱ्यास बक्षीस द्यावयाचें! आईनें कोणतें खरें मानावें? मुलाजवळ बसल्यानें तिची त्या दिवसाची मजुरीही बुडते. या दिवसांची गैरहजेरी मुलाविरुद्ध धरली जाणार नाहीं, हें तिला प्रथम सांगावें.

चिठ्ठी अशी असावी: "वर्गांत एका मुलास गोवर झाला आहे. पुढील तीन आठवडे आपल्या मुलाकडे लक्ष द्यावें. ताप, खोकला किंवा लाल डोळे दिसल्यास घरीं ठेवून आरोग्यकेंद्रांत कळवावें. पुरळ उठल्यास त्या दिवसापुढें चार दिवस पुरे झाल्यावांचून पाठवूं नये. गोवर-रुबेलाच्या दोन टोंचण्या झाल्या आहेत कीं नाहींत, तें कार्ड पाहून आजच कळवावें." "आजच" अशासाठीं कीं, संसर्गापासून तीन दिवसांच्या आंत लस मिळाल्यास पुष्कळदां रोग टळतो. आजारी मुलाचें नांव मात्र घालूं नये. गांवास तें कळेलच, पण शाळेच्या तोंडून नको.

टोंचणीविषयीं कांहींच लपवूं नये. 27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रांत शाळाशाळांतून ही लस देण्यांत आली, तेव्हां अफवांमुळें कांहीं पालकांनीं नकार दिला. पालकांच्या संमतीवांचून ती देण्याचा दिल्लींतील बेत तेथील उच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें अमान्य केला. आम्हांस तें योग्य वाटतें. लशीनंतर आठवड्याभरानें थोडा ताप येऊं शकतो, हें ज्या बापास आधीं सांगितलें तो ताप आल्यावर घाबरत नाहीं.

गोवर पुरता बाहेर पडूं द्यावा, औषध देऊं नये, असें घरांतील वडीलधारीं म्हणतात. त्यांचा मान राखून सांगावें कीं, श्वास जोरानें चालूं लागला, मूल पाणी पिईनासें झालें, सुस्त पडलें किंवा झटके आले, तर क्षणाचाही विलंब न लावतां दवाखाना गांठावा. तेथें अ जीवनसत्त्वही देतात.

चिठ्ठ्या पुष्कळदां दप्तरांतच राहतात. ज्या घरून उत्तर आलें नाहीं, तेथें शिक्षकानें दिवेलागणीनंतर स्वतः जावें. मुंबईस गेलेलीं माणसें त्यापूर्वीं परत आलेलीं नसतात.