परमुलखातील माणसे

पंडिता रमाबाई इ. स. १८८६ त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली त्यांनी ते प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. त्यात तेथील स्त्रियांच्या मद्यनिषेधक मंडळ्यांची त्या मुक्तकंठाने वाखाणणी करितात; तथापि काळ्या लोकांचा होणारा द्वेषही झाकीत नाहीत. म्हणूनच त्यांच्या स्तुतीस वजन आहे, असे आम्हांस वाटते.

वाचकहो, बाजाराहून परतणारास मापात फसविणारा वाणी बरा आठवतो! वाटेत डोईवरचे ओझे उतरू लागलेला अनोळखी गडी मात्र घरी कोणी सांगत नाही. पुढल्या खेपेस त्याचे नावगाव तरी विचारून यावे.