बोर्ड शब्दाची गोष्ट



मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गात मी एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहिले होते. 'देअर वेअर टू हंड्रेड पीपल ऑन बोर्ड द शिप.' अर्थ कोण सांगतो, म्हणून विचारले. एक मुलगी चटकन उभी राहिली आणि म्हणाली, "जहाजाच्या फळ्यावर दोनशे माणसं होती."

झालं! सगळा वर्ग खो खो हसत सुटला. एकजण तर म्हणाला, "फळ्यावर माणसं, मग खडू कुठं ठेवायचा?" खरे सांगायचे तर मलाही हसू आवरले नाही. ती मुलगी खाली बसली ती बसलीच. पुढे आठ दिवस तिने हात म्हणून वर केला नाही.

मला चुटपुट लागून राहिली. रात्री शब्दकोश काढून बसलो. पाहतो तो काय, हसणारे आम्हीच निम्मे चुकलो होतो! कसे ते सांगतो.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जी जुनी इंग्रजी बोलत, तिच्यात हा 'बोर्ड' शब्द आहे. त्याचा अर्थ काय? तर लाकूड चिरून काढलेली फळी. बस्स, इतकाच. खडूचा, परीक्षेचा, ऑफिसाचा काही संबंध नाही. लढाईच्या ढाली फळ्या जोडून करीत, म्हणून ढालीलाही बोर्ड म्हणत. आता आपल्याकडे पाहा. संस्कृतात 'फलक' म्हणजे फळी, आणि फलक म्हणजे ढालसुद्धा! त्याच फलकापासून आपली फळी झाली आणि आपला फळाही झाला. इंग्लंडातला माणूस नि इथला माणूस एकमेकांना ओळखतही नव्हते, पण फळी हातात आल्यावर दोघांना एकच गोष्ट सुचली. आहे की नाही गंमत?

आता ही फळी कुठे कुठे गेली ते पाहू. आधी गेली जेवायला.

त्या काळी इंग्लंडात मोठ्या घरातसुद्धा आजच्यासारखे कायमचे टेबल नसे. जेवणाची वेळ झाली की दिवाणखान्यात घोडे मांडायचे, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवण झाले की सगळे उचलून भिंतीशी लावायचे. आपण नाही का पाट मांडतो आणि जेवून झाल्यावर उचलून ठेवतो, तसेच. म्हणून बोर्ड म्हणजे जेवणाचे टेबल, आणि पुढे बोर्ड म्हणजे जेवणच. पैसे देऊन दुसऱ्याकडे रोज जेवणारा तो 'बोर्डर', आणि जेवणाची सोय म्हणजे 'बोर्डिंग'. राहण्याची सोय म्हणजे 'लॉजिंग'. शहरातल्या हॉटेलांवर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' अशी पाटी असते, तिचा अर्थ हा.

आपण मात्र बोर्डिंग म्हणजे राहण्याची जागा समजतो. याचे कारण आपल्या भागात बोर्डिंगे निघाली ती जेवण आणि राहणे दोन्ही देणारी. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, साताऱ्याला १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. खेड्यातल्या किती पोरांचे शिक्षण अशा बोर्डिंगांमुळे झाले!

हा फरक मला कळला तो उपाशी पोटी. नवीन नोकरीत प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी बोलावले होते. पत्रात इंग्रजीत 'लॉजिंग फ्री' असे होते. मी म्हटले, चला, खाण्यापिण्याची ददात मिटली. भाकरीसुद्धा बांधून घेतली नाही. रात्री पोचलो तर खोली मिळाली, सतरंजी मिळाली, जेवणाचे विचारले तर शिपाई म्हणाला, "गुरुजी, ते ज्याचं त्यानं बघायचं." बाजार बंद झालेला. शेजारच्या गुरुजींनी शेंगदाणे आणि गूळ दिला, त्यावर रात्र काढली. तेव्हापासून हे दोन शब्द मी विसरलो नाही.

बरं, जेवण उरकले. त्याच टेबलाभोवती चार शहाणी माणसे कारभाराचा विचार करायला बसली, म्हणून त्या मंडळींनाच बोर्ड म्हणू लागले. कंपनीचे संचालक मंडळ म्हणजे बोर्ड. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर नजर ठेवायला १७८४ साली विलायतेत 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमले होते, तेही याच जातीचे. दहावीची परीक्षा घेणारे बोर्डही तेच. १ जानेवारी १९६६ पासून आपल्या राज्यात ते काम करते आहे. ताई-दादा 'बोर्डात पहिला आला' म्हणतात, तो फळ्यात पहिला आलेला नसतो!

आणि हो, आपली शाळासुद्धा यात येते. तुमच्या आजोबांना विचारा, "तुम्ही कुठल्या शाळेत होतात?" जुन्या मुंबई इलाख्यातले असतील तर म्हणतील, "बोर्डाच्या शाळेत." काही घरांत अजूनही जिल्हा परिषदेच्या शाळेला तसेच म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही. १८८४ साली लोकल बोर्डाचा कायदा झाला. रस्ते, विहिरी, दवाखाने, शाळा अशी कामे बोर्डाकडे असत. पुढे प्राथमिक शाळांसाठी जिल्ह्याजिल्ह्याला वेगळे स्कूल बोर्ड आले. १९६१ साली जिल्हा परिषदेचा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि बोर्डे गेली. दारावरची पाटी बदलली, पण लोकांच्या तोंडचे बोर्ड अजून पुसले गेलेले नाही.

आता जहाजाकडे वळू. आमच्या वर्गाचे हसे झाले ते इथेच. जहाजाचे अंग फळ्या जोडून केलेले असे. जहाजाच्या कडेला बोर्डच म्हणत. शब्दकोश करणारे सांगतात, की मुळात हे दोन जुळे शब्द असावेत, एक 'फळी' आणि दुसरा 'कड'. दिसायला सारखे, म्हणून एकमेकांत मिसळून गेले. कड या अर्थाचा शब्द फ्रेंच भाषेत जाऊन आला आणि 'बॉर्डर' झाला. म्हणजे देशाची बॉर्डर, आईच्या लुगड्याची बॉर्डर आणि जहाजाचा बोर्ड ही सगळी भावकी बरं का.

तर जहाजाच्या कडेच्या आत असणे म्हणजे 'ऑन बोर्ड'. कडेवरून समुद्रात पडणे म्हणजे 'ओव्हरबोर्ड'. विमानाला लाकडी फळी नसते, तरी चढताना 'बोर्डिंग पास' दाखवावा लागतो. शब्द जहाजातून उतरला आणि विमानात जाऊन बसला.

जहाजाची उजवी बाजू म्हणजे 'स्टारबोर्ड'. यात तारा शोधू नका! जुन्या जहाजांचे सुकाणू म्हणजे एक मोठे वल्हे असे आणि ते उजव्या कडेला बांधलेले असे. सुकाणूची बाजू, म्हणजे जुन्या इंग्रजीत 'स्टेओरबोर्ड', त्याचे झाले स्टारबोर्ड. डावी बाजू धक्क्याला लावीत. तिचे नाव होते 'लारबोर्ड'. वादळात कप्तान ओरडला "लारबोर्ड!" आणि सुकाणूवाल्याला ऐकू आले "स्टारबोर्ड", तर काय होईल? उलटीकडे वळलेले जहाज खडकावरसुद्धा जाईल. म्हणून १८४४ साली इंग्रजांच्या आरमाराने हुकूम काढला, की यापुढे डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणायचे. दोन शब्द सारखे वाजतात म्हणून सरकारी हुकूम निघाला! आणि तुम्ही मला विचारता, गुरुजी, उच्चाराला एवढे काय महत्त्व?

जाता जाता दोन फसवे शब्द सांगतो. 'कबर्ड' मध्ये बोर्ड लपलेला आहे. ती आधी पेले मांडायची फळी होती. पण आपले 'कपाट' त्याच्यापासून झाले असे कोणी सांगितले तर ऐकू नका. कपाट संस्कृत आहे, तिथे त्याचा अर्थ दाराची फळी, आणि आपले 'कवाड' त्याचेच लेकरू. दुसरा शब्द 'बोअर'. शेतात बोअर मारतात ती, आणि 'मला बोअर झालं' म्हणता ते, यांचा बोर्डाशी काही संबंध नाही. झाडाच्या बोरांशी तर नाहीच नाही.

हे सगळे मी वर्गात सांगितले आणि त्या मुलीच्या उत्तराला पाचपैकी चार गुण दिले. एक कापला, कारण मराठीत 'जहाजावर दोनशे माणसे होती' असेच म्हणायला हवे. वर्गाची माफी मागायची पाळी होती, ती मी आधी मागितली, मग मुलांनी. नवव्या दिवशी तिचा हात वर झाला. "गुरुजी, मग कार्डबोर्डात लाकडाची फळी कुठं असते?" पुठ्ठा फळीसारखा ताठ असतो म्हणून त्याला ते नाव, असे मी सांगितले.

आता काम तुमचे. आपल्या मराठीतला 'पाट' हा शब्द घ्या. जेवायला बसतो तो पाट आणि शेताला पाणी देतो तो पाट, हे दोन तर सगळ्यांना ठाऊक आहेत. आणखी कोणते? 'पाटी' शब्दाचे किती? घरी आजीला विचारा, बाजारात कान उघडे ठेवा. या कागदाखाली कोरी जागा ठेवली आहे. तिथे पेन्सिलीने अर्थ लिहा आणि शेजारी आपली इयत्ता लिहा. शनिवारी सकाळी वाचू.

– तुमचे गुरुजी