रथांतील सोबती
शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–४०

सुवार्ता सांगणें हें पाळकांचें व उपदेशकांचें काम, आमचें काम उपासनेस येण्याचें, असें आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदां ऐकूं येतें. आजचा पाठ ही समजूत दूर करितो.

फिलिप्प बारा प्रेषितांपैकीं नव्हता. विधवांच्या रोजच्या अन्नवाटपाची व्यवस्था पाहण्यास जे सात जण निवडले, त्यांपैकीं तो एक. यरुशलेमांत छळ झाला, मंडळी पांगली, आणि पांगलेले जेथें गेले तेथें सुवार्ता सांगत गेले. गाझाच्या वाटेवर फिलिप्पास कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत असलेला दिसला. येथें तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. फिलिप्प स्वतः रथाजवळ गेला. त्यानें वाद घातला नाहीं. वाचलेलें समजतें काय, एवढेंच विचारलें, आणि बोलावल्यावर रथांत चढला. बाप्तिस्मा झाल्यावर दोघे वेगळे झाले. अधिकारी हर्ष करीत आपल्या वाटेनें गेला. पुढील काम देवाचें.

आपल्या महाराष्ट्रांतही असेंच घडलें. नारायण वामन टिळक आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां एक अनोळखी प्रवासी त्यांच्याशीं आदरानें बोलला, व नव्या कराराची प्रत देऊन ती वाचण्याची त्यानें विनंती केली. टिळक वाचीत गेले. पर्वतावरील प्रवचनानें त्यांचें मन ओढून घेतलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचीं भजनें आपण आजही गातों.

असा रथ आज कोठें आहे? उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं कल्याण–कर्जत लोहमार्गावरील शेजारचीं गांवें पाहा. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं १९४७ च्या फाळणीनंतर घरदार सोडून आलेलीं सिंधी कुटुंबें राहिलीं. १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास कारखान्यांनीं ठिकठिकाणचे कामकरी आणिले. बदलापुराहून हजारों माणसें रोज मुंबईकडे कामास निघतात. गाडींत ख्रिस्ती माणूस रोज त्याच सोबत्यांच्या खांद्यास खांदा लावून उभा असतो. खेड्यांतून पोटासाठीं तिकडे गेलेलीं मुलें आपलींच आहेत. त्यांस भाकरी बांधून देतां, तशी ही शिकवणही बांधून द्या. आणि उपदेशकांनीं तेथील मंडळीस पत्र लिहून त्यांची ओळख करून द्यावी, म्हणजे तीं एकटीं पडणार नाहींत.

आणखी एक इशारा आम्ही प्रेमानें देतों. दमून आलेल्या माणसांपुढें ओरडणें ही साक्ष नव्हे. कोणाच्या धर्माची निंदा करूं नये; पैशाचें किंवा नोकरीचें आमिष दाखवूं नये. कोणी नको म्हटलें तर मैत्री तोडूं नये. आधीं आजाऱ्यास भेटा, थकलेल्यास आपली जागा द्या, दुकानदाराची उधारी फेडा. उधारी बुडविणाऱ्याच्या हातची शुभवर्तमानाची प्रत कोण वाचील?

मननासाठीं प्रश्न :
१. फिलिप्पानें आधीं बोलणें केलें, कीं आधीं विचारलें?
२. माझ्या वाटेवरचा सोबती कोण? त्याचें दुःख मला ठाऊक आहे काय?
३. माझें नांव कोणास कळलें नाहीं तरी हें काम मी आनंदानें करीन काय?

या आठवड्यांत प्रत्येकानें एका सोबत्यासाठीं रोज प्रार्थना करावी. वाट उघडणें प्रभूचें काम. रथाजवळ जाणें आपलें.