बोटीच्या मापाची गादी

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई इंग्लंडच्या नैऋत्येला, कॉर्नवॉलमधल्या फाल्मथ बंदरात एका ३६ फुटी शिडाच्या बोटीवर बारा महिने राहतात. कमांडर दिलीप दोंदे यांच्या एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेबद्दल वाचलं होतं, त्यामुळे शिडाच्या बोटीवर माणूस महिनोन्‌महिने राहू शकतो, हे ठाऊक होतं. पण परवा फोनवर मुलगी म्हणाली की त्यांची झोपायची गादी पार बसली आहे, खालून काळी पडली आहे आणि नवी व्हायला महिना तरी जाईल. गादी आणायला एवढा वेळ का लागावा? इथल्या आमच्या गादीवाल्याकडून चांगल्या कापसाची गादी भरून पाठवली तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. कापसाची गादी पाठवू नका. तुमच्या गादीवाल्याच्या कामात काही खोट आहे म्हणून नव्हे. कापसाची गादी जगते ती उन्हावर. ओल धरली, गोळे झाले, की आपण ती गच्चीवर टाकतो, बडवतो, दोन-चार वर्षांनी पिंजून पुन्हा भरून घेतो. कॉर्नवॉलच्या हिवाळ्यात तसं ऊन नाही, बोटीवर एवढी गादी पसरायला जागा नाही आणि पिंजून देणारा तर नाहीच. कापूस ओलावा ओढून घेतो आणि सहजी सोडत नाही. पहिल्याच हिवाळ्यात त्या गादीला कुबट वास येऊ लागेल.

आता गादी खालून काळी का पडली ते पाहू, कारण सगळ्या कामाचं मर्म तिथेच आहे. फाल्मथच्या समुद्राचं पाणी हिवाळ्याच्या अखेरीस नऊ-दहा अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. बोटीचं कवच बहुधा फायबरग्लासचं असतं आणि पाण्याखालचा त्याचा भाग पाण्याइतकाच थंड होतो. आत मात्र माणसं राहतात, स्वयंपाक करतात, शेगडी पेटवतात. समजा, आत १८ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता आहे. अशी हवा साडेबारा अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तिथे बसते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच इथे बोटीच्या आतल्या अंगाला होतं. त्यात झोपलेलं माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रीत साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतं. दोघांचं अर्धा लिटर. त्यातला काही भाग गादीतून खाली झिरपतो आणि खालच्या थंड फळीवर पाणी होऊन साचतो. वरून अंगाची ऊब, खालून गारठा, मधे कोंडलेली ओल: बुरशीला याहून सोयीची जागा मिळायची नाही.

याचा अर्थ असा की गादी निव्वळ जुनी झाली म्हणून काळी पडलेली नाही. तिच्याखाली हवा खेळत नव्हती. तेव्हा नवी गादी कितीही चांगली आणली आणि ती त्याच सपाट प्लायवूडवर टाकली, तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच होणार. मुलीला नव्या गादीच्या फोमची मागणी नोंदवण्याआधी खालची फळी बघायला सांगा, असं माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे. फळी काढून घासायची, पूर्ण वाळू द्यायची, जागोजागी मोठी भोकं पाडायची. फळी आणि गादी यांच्यामध्ये बोटभर तरी पोकळी राहायला हवी. ती लाकडी पट्ट्यांनी साधता येते, विणलेल्या प्लास्टिकच्या जाड जाळीने साधता येते किंवा याच कामासाठी मिळणाऱ्या, एकमेकांत अडकवायच्या प्लास्टिकच्या छोट्या स्प्रिंगांनी. स्प्रिंगा महाग पडतात, पण पातळ गादीला थोडी लवचीकता देतात, म्हणजे कंबरेचाही विचार होतो. जिथे गादीची कड बोटीच्या भिंतीला टेकते, तिथेही जाळीची उभी पट्टी लावावी. ती जागा बहुतेक लोक विसरतात आणि मग बुरशी कडेने चढते. याशिवाय रोज सकाळी गादीचं एक टोक उचलून खाली काहीतरी टेकू द्यायचा. त्याला पैसा लागत नाही, पण त्याचा उपयोग फार होतो. हे फळीचं काम आणि ती वाळणं यातच आठवडाभर जातो. त्या दिवसांत दोघं मधल्या बैठकीच्या बाकांवर झोपत असतील.

यानंतर आकार. तुमच्या मुलीचा बिछाना बहुधा बोटीच्या पुढच्या टोकात असेल. या मापाच्या बोटींवर दोघांची झोपायची जागा बहुतेकदा तिथेच काढलेली असते. बोट पुढे निमुळती होत जाते, म्हणून डोक्याकडे पावणेदोन मीटर रुंद असलेला बिछाना पायांकडे जेमतेम अर्धा मीटर उरतो. दुकानात अशी गादी मिळत नाही, ती करूनच घ्यावी लागते. त्यातही अडचण ही की बोटीच्या भिंती सरळ उभ्या नसतात, वर जाताना बाहेर कलतात आणि लांबीतही वळत जातात. भिंत ३० अंश कललेली असेल, तर १० सेंटिमीटर जाडीच्या गादीचा वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा प्रत्येक बाजूला जवळपास सहा सेंटिमीटर मोठा हवा. नुसत्या खालच्या फळीच्या मापाने फोम कापला, की वर दोन्हीकडे फट राहते. रात्री हात त्या फटीत जातो आणि उशी तर हमखास जाते. म्हणून जाड कागद किंवा प्लास्टिकचं कापड जागेवर अंथरून नमुना कापतात, दर हातभर अंतरावर भिंतीचा कल मोजून त्याच्यावर लिहून ठेवतात, वर-खाली, डावी-उजवी अशा खुणा करतात. जुनी गादी नमुना म्हणून देण्याचा मोह होतो, पण बसलेल्या, ताणलेल्या गादीचा आकार भरवशाचा नसतो.

गादी अखंड करू नये, हेही इथेच ठरवायचं. बिछान्याखाली पाण्याची टाकी, नांगराच्या जास्तीच्या दोऱ्या, हत्यारं, डाळ-तांदूळ असं सगळं असतं. मध्यरात्री टाकीचा वॉल्व्ह गळायला लागला तर दोन मीटरची गादी उचलून ठेवायची कुठे? दोन किंवा तीन तुकडे केले की हवा तो खण उघडता येतो. सांधा मात्र खांदे आणि कंबर यांच्याखाली येणार नाही अशा बेताने ठेवावा.

फोम घेताना घनता आणि कडकपणा यांची गल्लत होऊ देऊ नका. घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे, त्यावर गादी किती वर्षं बसणार नाही ते ठरतं. कडकपणा म्हणजे अंगाला कशी लागते ते. स्वस्त फोम कडक असू शकतो आणि तरी दोन वर्षांत बसतो. रोज झोपायचं तर ३५ किलोच्या खाली जाऊ नये. वर सांगितलेल्या आकाराची १० सेंटिमीटर जाड गादी त्या घनतेत जेमतेम आठ किलोची होते. बोटीच्या अगदी टोकाला फार वजन नको असतं, तेव्हा हा मोठा फायदा आहे. लॅटेक्स टिकतं, सुखाचं असतं, पण त्याच मापात वजन साधारण दुप्पट. पॉलियुरेथेनमध्येही पॉलिइथर प्रकार मागावा, पॉलिएस्टर प्रकारचा फोम दमट हवेत लवकर भुगा होतो.

मेमरी फोमबद्दल लोक हटकून विचारतात. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी १९६६ मध्ये विमानाच्या आसनांकरिता तो तयार झाला. शरीराच्या उबेने मऊ होणं हा त्याचा गुण. म्हणजेच थंडीत तो कडक होतो. गार केबिनमध्ये पहिली पंधरा-वीस मिनिटं फळीवर झोपल्यासारखं वाटतं. शिवाय त्याच्यातून हवा कमी खेळते. घालायचाच तर वरचा पातळ थर म्हणून, एवढंच. स्प्रिंगची साधी गादी नकोच. खाऱ्या हवेत पोलाद गंजतं. शिवाय काही बोटींवर ऑटोपायलटचा चुंबकीय कंपास बिछान्याखालच्या खणात बसवलेला असतो. त्याच्या डोक्यावर पोलादी स्प्रिंगा आल्या तर दिशा चुकीची दाखवली जाईल.

फोम कापून मिळेपर्यंत आणि खोळ शिवून होईपर्यंत उरलेले आठवडे जातात. आत नेणं तितकं कठीण नाही. बोटीत उतरायचा दरवाजा पन्नास-साठ सेंटिमीटरचाच असतो, पण फोम मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली की त्याची सुरळी होते. जुनी गादी आतच पावाच्या दातेरी सुरीने कापून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढायची. नवीन फोम थोडा छाटायचा असेल तर तीच सुरी उत्तम चालते. खोळीला धातूची चेन नको, ती गंजून जाम होते. प्लास्टिकची घ्यावी आणि दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा कुजतो.

आणि समुद्राचं पाणी! पुढच्या झडपेतून एखादी लाट आत आली आणि गादी भिजली, तर ती वाळवून भागत नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ फोममध्ये राहतं आणि हवा दमट झाली की पुन्हा ओल ओढतं. अशी गादी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय खरी कोरडी होत नाही. म्हणून टोकाच्या बिछान्यावर पाणी अडवणारं पांघरूण घालून ठेवतात, पण प्रवासाला निघतानाच. बंदरात ते काढायचं, नाहीतर ओल आत कोंडते.

प्रवासात तसंही त्या बिछान्यावर फारसं कोणी झोपत नाही. लाटांवर बोटीचं पुढचं टोक सर्वांत जास्त वरखाली होतं. तेव्हा मधल्या अरुंद बाकावर, कडेला कापडाची आडभिंत बांधून झोपतात, म्हणजे बोट कलली तरी माणूस खाली पडत नाही. दोंदे ज्या ‘म्हादेई’तून गेले ती ५६ फुटी बोट गोव्यात बांधलेली. तिच्यातली झोप ही अशा समुद्रातल्या झोपेची गोष्ट होती. तुमच्या मुलीचं ते घर आहे. बंदरात उभ्या असलेल्या बोटीत रोज रात्री आठ तास त्याच गादीवर पाठ टेकायची. त्यामुळे महिना लावून नीट करते आहे ते योग्यच करते आहे.

तुम्हाला इथून काही पाठवायचं असेल तर गोधडी पाठवा. जुन्या मऊ सुती साड्यांची, आत कापूस न भरलेली, तीन-चार पदरीच. ती यंत्रात धुता येते, छोट्या केबिनमध्ये शेगडीच्या उबेवर वाळते आणि फोमवर थेट झोपताना जो घाम येतो तो टिपून घेते. बाजारातल्या चौकोनी चादरी या बिछान्यावर सतत गोळा होतात, तेव्हा मापाची गोधडी तिला खरंच उपयोगी पडेल. त्यासाठी कागदी नमुना मागवून घ्या. फोटोवरून माप कळत नाही. नमुना गादीच्या वरच्या पृष्ठभागाचा हवा, फळीचा नको, आणि चारी बाजूंनी खाली खोचायला वीतभर कापड जास्त धरा.