वाटणीत मागे राहिलेल्या विधवा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७
पाठाचा उद्देश : भाषेमुळे मागे पडलेल्या शेजाऱ्याची मदत मंडळीने नीट व्यवस्था लावून कशी करावी, हे शिकणे.

बेळगाव-निपाणीकडील मंडळ्यांना हा पाठ आपल्याच घरचा वाटावा असा आहे. यरुशलेमेतील पहिली मंडळी वाढत होती. विश्वासणारे आपली शेते व घरे विकून गरजवंतांना देत होते. तरीही मंडळीत कुरकुर सुरू झाली, कारण ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते.

येथे लूक कोणालाही दुष्ट ठरवीत नाही. धान्य होते, देणारे हात होते, प्रीतीही होती. पण वाटणाऱ्यांची भाषा एक आणि काही घेणाऱ्यांची दुसरी. ज्याला आपले दुःख समोरच्याच्या भाषेत सांगता येत नाही तो रांगेत मागे सरतो, आणि मागे सरला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निवाडा करणे हे या पाठाचे काम नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात शंभरांतील सुमारे अठरा-एकोणीस जणांची मातृभाषा मराठी आहे, आणि कचेरीचे काम कन्नडमध्ये चालते. समजा, निपाणीतील एखादी वृद्ध विधवा जन्मभर विड्या वळून थकली आहे. तिला विधवा वेतनाचा अर्ज करावयाचा आहे, किंवा २०२३ साली सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे का थांबले हे विचारावयाचे आहे. नाडकचेरीतून आलेला कागद तिला वाचता येत नाही. त्यावर लिहिलेली मुदत टळते, आणि हक्काची भाकरी हातची जाते. ही आजची रोजची वाटणीच नव्हे काय?

कायद्याने अशा माणसाला अगदीच उघड्यावर सोडलेले नाही. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे सांगितले आहे. ३५० ब कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास आयुक्त नेमले जातात. त्यांचे एक विभागीय कार्यालय एके काळी बेळगावातच होते. हे हक्क लोकांना माहीत करून देणे हीसुद्धा सेवाच आहे. पण पोटाची निकड मोठी असते. म्हणून मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडून दिली तर काम लवकर होण्याची आशा अधिक. ती प्रत लिहून देणारा मात्र हवा.

प्रेषितांनी काय केले ते पाहावे. त्यांनी कुरकुर दडपली नाही, नुसता उपदेशही केला नाही. सात माणसे निवडून त्यांच्यावर काम सोपविले. त्या सातांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप्प आणि इतर, सर्व नावे ग्रीक आहेत. शेवटचा निकलाव तर अंत्युखियाहून आलेला, जन्माने यहूदीही नव्हे. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती मंडळीने वाटणी दिली. एवढा विश्वास टाकणे सोपे नव्हते.

आपल्यालाही हे करता येईल. उपासनेनंतर तासभर एक मेज मांडावे. तेथे कन्नड जाणणारे दोघे बसावेत. आलेला कागद वाचून दाखवावा, अर्ज भरून द्यावा, मुदतीची तारीख वहीत टिपावी, आणि गरज पडल्यास कचेरीपर्यंत सोबत जावे. माणसे कोठून आणावी असा प्रश्न पडेल. आजीला कन्नड येत नाही, पण शाळेत कन्नड शिकलेली नातवंडे घरोघरी आहेत. शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गाला याहून चांगले गृहकार्य कोणते? मात्र कोणाचे दुःख, कोणाचे कागद, याची चर्चा बाहेर होऊ नये, हे मुलांना आधी शिकवावे. आणि व्यवस्था पाहणाऱ्यांत एखादी विडी कामगार भगिनीही असावी. अडचण कोठे येते ते तिला ठाऊक असते.

कन्नड मंडळीतील बंधुभगिनींनाही हाक मारावी. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, तेव्हापासून येथील ख्रिस्ती सेवा एकाच भाषेत कधी राहिली नाही. मराठी विधवेचा अर्ज कन्नड भाऊ लिहून देतो, तेव्हा जी साक्ष घडते ती दहा भाषणांनी घडणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. कचेरीच्या दारात आपण अल्पसंख्य असू, पण आपल्या देवळात आपणच बहुसंख्य आहोत. परप्रांतातून मजुरीसाठी आलेले, हिंदीखेरीज काही न समजणारे कुटुंब शेवटच्या बाकावर बसून निघून जात असेल, तर तेथे वाटणारे आपण आहोत आणि मागे राहिलेले ते आहेत. आपले मेज त्यांच्यासाठीही मांडलेले असावे.

सातव्या वचनात लूक मंडळीच्या वाढीची वार्ता देतो. ही वार्ता विधवांच्या पानात अन्न पडल्यानंतर आली आहे, हे आपण ध्यानात ठेवू या.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीत कन्नड कागद वाचता न येणारी घरे किती? ती आपल्याला ठाऊक आहेत काय?
२. प्रेषितांनी स्वतः वाटणी न करता सात जणांना का नेमले?
३. या महिन्यात मेजावर बसण्यास कोण दोघे तयार आहेत?